कवी, कचेरी आणि ओफेलिया

कचेरी आणि प्रेम हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटते. प्रेमाला नदीकाठ हवा, चांदणे हवे, तेही नसेल तर निदान एखादी बाग तरी हवी, असा सर्वसाधारण समज आहे. खातेवह्या, दौती, टपालाची पाकिटे आणि भिंतीवरचे घड्याळ ह्यांच्या सान्निध्यात उगवलेले प्रेम लोकांना विनोदी वाटते. त्यातून प्रेमिक जर एकतीस वर्षांचा, चष्मा लावणारा, चारचौघांत संकोचणारा आणि कामावर ठराविक वेळेला न येणारा पत्रलेखक असेल, तर त्या विनोदाला आणखी धार चढते. विसाव्या शतकातील पोर्तुगीज साहित्यात ज्याचे नाव अग्रभागी घेतले जाते, तो फर्नांदो पेसोआ नेमका असाच प्रेमिक होता. त्याच्या प्रेमाची कथा लिस्बन शहरातील एका व्यापारी पेढीत सुरू झाली. तिच्यात हसण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु ज्या मुलीच्या वाट्याला ती आली, तिच्या बाजूने ती क्वचितच सांगितली जाते.

लिस्बनच्या सखल भागाला तेथील लोक बाइशा म्हणतात. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तो भाग जमीनदोस्त झाला आणि पोंबालच्या मार्किसाने तो पुन्हा आखून सरळ रस्त्यांचा बांधवला. गोव्यातून १७५९ साली जेझुइटांची हकालपट्टी झाली ती ह्याच मंत्र्याच्या कारकिर्दीत. त्यामुळे त्याचे नाव गोमंतकीय श्रोत्यांना अपरिचित नाही. ह्या भागातील रस्त्यांना धंद्यांची नावे आहेत: एक सोन्याचा, एक चांदीचा, एक कापडवाल्यांचा, एक मुलामेकारांचा. पहिल्या महायुद्धानंतरच्या दिवसांत तेथे मजल्यामजल्यावर लहानमोठ्या पेढ्या होत्या. त्यांचा परदेशांशी व्यवहार चाले आणि त्यासाठी इंग्रजी व फ्रेंच पत्रे लिहून देणारा माणूस लागे. पेसोआ ते काम करी. एकाच पेढीची नोकरी त्याने पत्करली नाही. आज ह्या पेढीत, उद्या त्या पेढीत, पत्रे लिहावीत, अनुवाद करावेत, आणि सायंकाळी मंडळी घरी गेली की तेथल्याच टाइपरायटरवर आपल्या कविता उतरवाव्यात, असा त्याचा क्रम असे. अधिक पगाराची पूर्ण वेळाची जागा चालून आली तरी तो नाकारी. तिच्यामुळे लिहिण्याचा वेळ जाईल, एवढेच त्याचे कारण.

त्याचे इंग्रजी चांगले होते ह्याचेही कारण आहे. त्याचा जन्म १३ जून १८८८ चा, लिस्बनमधला. हा दिवस सांत आंतोनचा. गोव्यात शिवोलीचे चर्च ज्या संताच्या नावाने आहे, तो मूळचा लिस्बनचाच. त्याचे घरचे नाव फर्नांदो. म्हणून ह्या मुलाचे नाव फर्नांदो आंतोनियो असे ठेवण्यात आले. लिस्बनमध्ये हा संत लग्ने जुळविणारा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या दिवशी जन्मलेला हा मुलगा मात्र अविवाहित राहिला. पाच वर्षांचा असताना त्याचे वडील क्षयाने वारले. आईने दुसरे लग्न केले ते दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील पोर्तुगीज वकिलाशी, आणि मुलाचे सारे शिक्षण तेथे इंग्रजी शाळेत झाले. १९०५ साली तो एकटाच लिस्बनला परतला. १९०९ साली त्याने आजीच्या वारशाच्या पैशांतून एक छापखाना काढला. त्याला नाव दिले 'इबिस', म्हणजे शराटी पक्षी. तो थोड्याच दिवसांत बुडाला. पुढे उदरनिर्वाहासाठी राहिली ती पत्रे लिहिण्याची विद्या.

ह्या माणसाचे सर्वांत विलक्षण अंग अजून सांगायचे आहे. तो एकटा लिहीत नव्हता. १९१४ च्या सुमारास त्याच्या मनात तीन कवी उभे राहिले. शाळा फारशी न शिकलेला, उघड्या रानाकडे पाहणारा आल्बेर्तो काएइरो. लॅटिन अभिजात वाङ्मयात रमणारा डॉक्टर रिकार्दो रेइश. आणि ग्लासगोला शिकलेला जहाजांचा इंजिनिअर आल्वारो द कांपुश. प्रत्येकाची जन्मतारीख, चेहरामोहरा, स्वभाव, कवितेची घडण निराळी. टोपणनाव हा शब्द येथे पुरा पडत नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदासाठी बाळकराम अशी दोन नावे घेतली. पण बाळकरामाने गोविंदाग्रजाच्या घरगुती गोष्टींत ढवळाढवळ केल्याचे कोणी ऐकलेले नाही. पेसोआच्या बाबतीत ती झाली, आणि तिचा त्रास एका टायपिस्ट मुलीला सोसावा लागला.

१९१९ च्या नोव्हेंबरात ह्या भागातील एका पेढीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. ती वाचून ओफेलिया केइरोज नावाची मुलगी मुलाखतीसाठी आली. वय एकोणीस, तिचा जन्म १४ जून १९०० चा, म्हणजे वाढदिवस पेसोआच्या दुसऱ्या दिवशी. मोठ्या कुटुंबातली ती धाकटी मुलगी. तिला फ्रेंच येत होते, टाइप करता येत होते, आणि आपल्या पायांवर उभे राहण्याची तिला हौस होती. मध्यम वर्गातील मुलीने पुरुषांच्या कचेरीत जाऊन बसणे त्या काळी लिस्बनमध्येही धाडसाचेच होते. पहिल्या दिवशी ती सोबतीला घरची मोलकरीण घेऊन आली. पेढीचे मालक तेथे नव्हते. समोरून एक काळ्या पोशाखातला गृहस्थ आला. टोपीची कड वर वळलेली, डोळ्यांवर चष्मा, गळ्याला बो, विजारीचे पाय गेटरमध्ये खोवलेले. आणि चालणे असे की पाय जमिनीला टेकत आहेत की नाहीत कोण जाणे. उत्तरायुष्यात तिने ही हकीकत सांगितली तेव्हा, त्याला पाहून आपल्याला भयंकर हसू येत होते, असे तिने मोकळेपणाने कबूल केले आहे. काळा पोशाख सावत्र वडिलांच्या सुतकाचा होता, हे तिला मागाहून समजले.

पुढचे दोन महिने चिठ्ठ्यांचे होते. बोलायला घाबरणारा माणूस लिहायला घाबरत नाही. तिच्या टेबलावर कागदाचे कपटे येऊन पडू लागले. २२ जानेवारी १९२० च्या संध्याकाळी पेढीतले दिवे गेले. मालक निघून गेले होते. पेसोआने आधीच तिला एक चिठ्ठी सरकवून थांबण्याची विनंती केली होती. त्याने तेलाचा दिवा पेटवून तिच्या टेबलावर आणून ठेवला. आणि ती निघण्यासाठी कोट अंगावर चढवीत असता, तो हातातला दिवा घेऊन तिच्याकडे वळला व शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात राजपुत्राने ओफेलियाला उद्देशून जे प्रेम व्यक्त केले आहे ते शब्द बोलू लागला. मुलीचे नाव ओफेलिया असल्यामुळे ते शब्द त्याला आयतेच सापडले. पण येथे थोडे थांबण्यासारखे आहे. नाटकात हे शब्द हॅम्लेट तिच्यापुढे उभा राहून बोलत नाही. ते त्याने पत्रात लिहिलेले आहेत, आणि मुलीचा बाप पोलोनियस ते पत्र राजाराणीला वाचून दाखवितो. म्हणजे ह्या संकोची माणसाने आयुष्यात पहिल्यांदा जे प्रेम बोलून दाखविले, तेही दुसऱ्याच्या तोंडचे, आणि मुळात कागदावरचे. त्यानंतर त्याने तिला जवळ घेऊन तिचे चुंबन घेतले. ती गोंधळून, भांबावून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पेसोआ जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने कामाला बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. असे एक महिन्याहून अधिक काळ चालले. अखेर ओफेलियाने त्याला लिहून जाब विचारला: ह्या सगळ्याचा अर्थ काय? तिचा प्रश्न अगदी रास्त होता. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपली अब्रू सांभाळावी लागते, आणि पेढीच्या चार भिंतींत कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही. १ मार्च १९२० रोजी पेसोआचे उत्तर आले. त्याच्या प्रेमपत्रांतले हे पहिले पत्र. त्यात तो तिलाच दोष देतो. तिच्या लिहिण्याला वकिली अर्जाचा वास येतो, खरे प्रेम दुसऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही, अशी त्याची तक्रार आहे. आयुष्यभर व्यापाऱ्यांची हिशेबी पत्रे लिहिणाऱ्या माणसाने एका मुलीला तिचे पत्र हिशेबी असल्याबद्दल बोल लावावा, हा प्रकार विनोदी खरा. पण त्या दिवशी ओफेलियाला त्यात विनोद दिसला असेल असे वाटत नाही.

तथापि त्या पत्रानंतर मळभ दूर झाले. १९२० चा वसंत आणि उन्हाळा हा दोघांच्याही आयुष्यातला आनंदाचा काळ. ती पेढी फार दिवस टिकली नाही; ओफेलियाने दुसरीकडे नोकरी धरली, आणि मग रस्त्यातून बरोबर चालणे, ट्रामने थोडे अंतर सोबत जाणे, ती बहिणीच्या घरी असता खिडकीखालून फेरी मारणे, एवढ्यावर भागवावे लागे. घरच्यांच्या समोर रीतसर येऊन बसणे त्याला नको होते. आपले जमले आहे असे कोणाला सांगू नकोस, तो शब्दच हास्यास्पद आहे. आपण एकमेकांवर प्रेम करतो, एवढेच खरे, असे तो तिला बजावी. प्रेमाची ही उंची कवीला शोभते. पण रोज घरी परतल्यावर घरच्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागे ते ओफेलियाला.

त्या महिन्यांतली पत्रे वाचली तर वाचणारा चकित होतो. अत्यंत गंभीर, तत्त्वचिंतक म्हणून ओळखला जाणारा हा कवी त्यांत बोबडे बोलतो. तिला बाळ म्हणतो, स्वतःला लाडक्या नावाने संबोधतो, त्या बुडालेल्या छापखान्याच्या शराटी पक्ष्यालाही त्यात आणून बसवितो. त्याच वेळी संसाराचा विचारही चालू असे, पण तोही त्याच्याच पद्धतीने. लग्नाला पैसा लागतो, आणि पेढ्यांच्या तुटपुंज्या मिळकतीत ते जमणार नाही, हे त्याला कळत होते. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्रांतील कूटप्रश्नांच्या स्पर्धा. हजार पौंडांच्या बक्षिसासाठी तो उत्तरे पाठवी, आणि तीही स्वतःच्या नावे पाठवीत नसे. त्यासाठी त्याने क्रॉस नावाचा एक इंग्रज गृहस्थ निर्माण केला होता. ह्या क्रॉससाहेबांना यश मिळावे म्हणून देवाची प्रार्थना कर, असे तो ओफेलियाला लिही. एका काल्पनिक माणसाला बक्षीस मिळावे, त्यातून खरे लग्न व्हावे, आणि त्यासाठी एका खऱ्या मुलीने खरी प्रार्थना करावी!

क्रॉससाहेब निरुपद्रवी होते. आल्वारो द कांपुश तसा नव्हता. ठरलेल्या भेटीला कधी कधी फर्नांदोऐवजी कांपुश येई. म्हणजे माणूस तोच, पण बोलणे दुसरे: तुटक, वाकडे, असंबद्ध. आज मी नाही, माझा मित्र आला आहे, अशी प्रस्तावना होई. ह्या कवींवर आज विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. ओफेलियाने त्यांतील एकाशी ट्रामच्या थांब्यावर प्रत्यक्ष गाठ घेतली होती, आणि तिचे मत तिने तेथल्या तेथे सांगितले. कांपुश आपल्याला मुळीच आवडत नाही, आपले प्रेम फक्त फर्नांदोवर आहे, असे ती म्हणे. त्यावर, का बरे, त्याला तर तू फार आवडतेस, असे उत्तर मिळे. वाङ्मयाच्या इतिहासात कांपुशचा मान मोठा आहे. पण ओफेलियाचा निवाडाही विचारात घेण्यासारखा आहे. ज्याला बोलावले त्यानेच यावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

त्याच वर्षी मार्च अखेरीस पेसोआची विधवा आई आफ्रिकेतून परत आली. मायलेक कांपु द ओरिक ह्या वस्तीत एका घरात राहू लागले. ते घर त्याने मरेपर्यंत सोडले नाही. शरद ऋतू येईतो त्याची प्रकृती व मन दोन्ही खालावली. ऑक्टोबरातल्या एका पत्रात, आपण मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल होण्याच्या विचारात आहोत, असे त्याने तिला कळविले. २९ नोव्हेंबर १९२० रोजी शेवटचे पत्र आले. प्रेम ओसरले, ह्यात तुझा दोष नाही, माझाही नाही. काळ जसा चेहऱ्याला म्हातारपण आणतो तसा प्रेमालाही आणतो. आणि आपले भवितव्य एका निराळ्याच नियमाच्या अधीन आहे, ज्याचे अस्तित्वही तुला ठाऊक नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. साहित्यप्रेमी हे पत्र मोठ्या आदराने वाचतात. त्याची भाषा खरोखर सुंदर आहे. परंतु ज्या नियमाचे अस्तित्वही तिला ठाऊक नव्हते, त्या नियमाने तिचा निकाल लावला, आणि तो ऐकण्यापलीकडे तिच्या हाती काही ठेवले नाही, हेही तितकेच खरे. तिला वकिली अर्जाबद्दल बोलणाऱ्या माणसाने शेवटी लिहिला तो निवाडाच.

नऊ वर्षे गेली. १९२५ साली पेसोआची आई वारली. कचेऱ्यांचा क्रम चालूच होता. ह्याच काळात तो बर्नार्दो सुआरिश नावाच्या एका दुय्यम हिशेबनिसाची टिपणे लिहीत होता: मुलामेकारांच्या रस्त्यावरची पेढी, वास्किश नावाचे मालक, खिडकीतून दिसणारा पाऊस. ती टिपणे 'अस्वस्थतेचे पुस्तक' म्हणून पहिल्यांदा छापली गेली ती १९८२ साली.

१९२९ च्या सप्टेंबरात ओफेलियाचा भाचा कार्लुश केइरोज, जो स्वतः कवी होता, घरी एक छायाचित्र घेऊन आला. पेसोआ मद्याच्या दुकानात उभा राहून पेला ओठाला लावीत आहे, असे ते चित्र. त्यावर कवीने गुन्हा ह्या अर्थाच्या शब्दात लिटर हे माप खुबीने मिसळून, आपण रंगेहाथ सापडलो, अशी कोटी केली होती. ओफेलियाने तशीच एक प्रत मागितली. ती आली. तिने आभाराचे पत्र लिहिले, आणि विझलेली पत्रे पुन्हा पेटली.

ह्या दुसऱ्या पर्वात वय दोघांचेही वाढलेले दिसते. ती एकोणतीस वर्षांची, तो एकेचाळिसाचा. लग्न केलेच तर तुझ्याशीच करीन. पण माझ्या लेखनाशी संसाराचा मेळ बसेल की नाही हे पाहिले पाहिजे, असे तो लिहितो. समुद्रकाठच्या काश्काइश गावी जाऊन शांतपणे लिहीत बसण्याचे बेत करतो. आणि मधेच इंजिनिअर कांपुश लेखणी उचलतो: माझ्या मित्राची प्रतिमा मनातून काढून सांडपाण्याच्या भांड्यात फेकून द्यावी, असा सल्ला तो ओफेलियाला स्वतःच्या सहीने देतो. ह्याला थट्टा म्हणावे की भीती, हे वाचणाऱ्याने ठरवावे. भीती म्हणणे अधिक रास्त दिसते. माणसाला जे स्वतःच्या तोंडाने सांगवत नाही, ते त्याने मित्राकडून वदविले. १९३० च्या जानेवारीनंतर त्याची पत्रे थांबली. ओफेलिया पुढेही लिहीत राहिली: तो जेवला की नाही, पिणे कमी केले की नाही, भेटायला का येत नाही. काश्काइशच्या वस्तुसंग्रहालयात व ग्रंथालयात अधिकाऱ्याची जागा निघाली तेव्हा, १९३२ साली, पेसोआने तिच्यासाठी अर्ज केला. कायमच्या नोकरीसाठी त्याने असा प्रयत्न क्वचितच केला असेल. ती जागा त्याला मिळाली नाही. आणि मिळाली असती तरी एव्हाना दोन वर्षे उशीर झाला होता.

१९३४ साली त्याचे 'मेन्साजें' हे पुस्तक निघाले. पोर्तुगीज कवितेचा त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेला हा एकमेव संग्रह. पोर्तुगालच्या इतिहासपुरुषांवरील त्या कवितांत, ज्याने १५१० साली गोवा जिंकला त्या आफोन्सो द आल्बुकेर्कवरही एक कविता आहे. एके दिवशी ओफेलियाच्या दारावर थाप पडली आणि मोलकरणीने एक पुस्तक आत आणून दिले. उघडून पाहते तो 'मेन्साजें', आत फर्नांदोच्या हातची अर्पणाची ओळ. कोणी आणून दिले, असे विचारताच ती काय ते समजली, धावत दाराशी गेली. पण तो निघून गेला होता. त्यानंतर त्याची भेट झाली नाही, असे तिने सांगितले आहे.

२१ ऑक्टोबर १९३५ ही तारीख असलेल्या एका कवितेत प्रेमपत्रांची टर उडविलेली आहे. मात्र शेवटी ते हसू, ज्यांनी कधी प्रेमपत्र लिहिलेच नाही अशांकडे वळते. तिच्याखाली नाव आहे आल्वारो द कांपुश. जवळजवळ सहा आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर रोजी, पेसोआ लिस्बनच्या एका इस्पितळात वारला. वय सत्तेचाळीस. अखेरच्या काळात भाचा कार्लुश भेटला असता त्याने ओफेलियाची चौकशी केली, आणि तिच्याविषयी बोलताना त्याचे डोळे भरून आले, असे कार्लुशने घरी येऊन सांगितले.

ओफेलियाने १९३८ साली रंगभूमीशी संबंध असलेल्या एका गृहस्थाशी लग्न केले. पेसोआचे नाव जसजसे मोठे होत गेले, तसतसे लोक त्याच्या पेटीतील पंचवीस हजारांहून अधिक कागद चाळू लागले. ह्या बाई मात्र आपल्याजवळची पत्रे सांभाळून गप्प राहिल्या. १९७८ साली त्यांनी ती छापू दिली आणि सोबत आपली हकीकतही सांगितली. तेलाच्या दिव्याची, कांपुशची आणि दारावरच्या थापेची गोष्ट जगाला माहीत आहे ती त्यामुळेच. १९९१ साली त्या वारल्या. त्यांनी पेसोआला लिहिलेली पत्रे त्याच्या पत्रांहून कितीतरी अधिक होती. स्वतःचा एकही कागद टाकून न देणाऱ्या त्या माणसाने तीही ठेवून दिली होती. त्याच्या भाचीने ती १९९६ साली प्रसिद्ध केली.